गुटगुटीत बाळाचे कौतुक जरा बेताने

बाळंतपणाची बातमी आली की आपल्या धुळ्यात ‘मुलगा की मुलगी?’ यापाठोपाठ ‘वजन किती?’ हा प्रश्न येतोच. चार किलो म्हटले की सासूबाई अभिमानाने सांगतात, ‘सून दोन जिवांचं जेवली!’ माझे मत वेगळे आहे. आपल्याकडे नवजात बाळाचे वजन सरासरी पावणेतीन-तीन किलोंच्या आसपास असते. बाळ चार किलोंच्या पुढे गेले, तर पेढे वाटताना त्याचे कारणही शोधावे.

आईवडील धिप्पाड असतील, आईचे वजन मुळात जास्त असेल किंवा दिवस वर गेले असतील, तर बाळ मोठे होऊ शकते. पण ज्यावर वेळीच उपाय करता येतो असे महत्त्वाचे कारण म्हणजे गर्भारपणातील मधुमेह. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करते आणि बाळाच्या अंगावर चरबी चढते. अशा बाळाचे खांदे प्रसूतीत अडकू शकतात. जन्मल्यावर त्याची साखर एकाएकी उतरू शकते, म्हणून त्याला पहिल्या तासातच अंगावर पाजावे.

‘मी तर बारीक, मला कसली साखर?’ हा समज खोटा आहे. बारीक बाईलाही हा त्रास होतो आणि बहुधा कोणतेही लक्षण दिसत नाही.

म्हणूनच केंद्र सरकारच्या सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची तपासणी पहिल्या भेटीत आणि ती ठीक निघाल्यास २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा व्हायला हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर उपचार सुरू करायचे. उपाशीपोटी यावे लागत नाही. साक्री-शिरपूरच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या बाईसाठी ही मोठीच सोय आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.

साखर निघाली तरी घाबरू नये. बहुतेकींना डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार आणि चालणे एवढ्यानेच आराम पडतो. काहींना औषध किंवा इन्सुलिन लागते. उपासमार मात्र करू नये. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासावी, कारण अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव अधिक असतो.

‘वजन किती?’ हे बाळ झाल्यावर विचाराच. पण सुनेला दिवस गेल्याचे कळताच ‘साखर तपासली का?’ हेही विचारा.