आधी दारू की आधी आजार?

‘पितो, म्हणून असं वागतो.’ एवढं म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. पण मैत्रिणींनो, काही घरांत ते वागणं आधीचं असतं आणि बाटली नंतरची.

बायपोलर या मानसिक आजारात माणूस काही दिवस, कधी काही आठवडे नुसता उधाणलेला असतो. झोप नको, बडबड थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो. मग तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, जगणंच नको म्हणतो. उधाणात पिण्याला धरबंध राहत नाही आणि उदासीत ‘झोप तरी लागेल’ म्हणून घेतली जाते. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, तीव्र बायपोलर असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी दारूने ग्रासल्याचं दिसलं. बायकाही याला अपवाद नाहीत. त्यांचं पिणं फक्त जास्त झाकलं जातं.

अशा घरातली बाई करते काय? कुणीतरी सांगतं, ‘चहातून पावडर दे, कळणारही नाही.’ हे मात्र कधीच करू नका. अशा औषधात डायसल्फिराम असेल आणि वरून दारू पोटात गेली, तर जिवावर बेतू शकतं. शिवाय त्याने मनाचा आजारही उफाळू शकतो.

दुसरी चूक गोळ्यांची. ‘आज प्यायलेत, गोळी राहू दे’ असं आपणच ठरवतो. लिथियमसारखं औषध मोजूनमापून, रक्त तपासून द्यावं लागतं. दारूने अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात वाढून विषारी ठरू शकतं आणि मध्येच बंद केलं तर आजार उलटतो. म्हणून लाज न बाळगता किती पितात, कधी पितात, सगळं डॉक्टरांना सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात.

माझं म्हणणं एवढंच, की व्यसनमुक्ती आणि मानसोपचार हे दोन्ही एकत्र हवेत. एकाचाच इलाज केला तर दुसरं पुन्हा ओढून नेतं. कुठे जावं हे कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि एक, आजार समजून घ्यायचा म्हणजे मार खायचा असं मुळीच नाही. त्याचा इलाज व्हायला हवा, तशी तुमची आणि लेकरांची सुरक्षितताही हवी. ती आधी.