शेजारधर्म गर्भातला
मानवी गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पाठीवरील पेशींचा सपाट पट्टा वळून चेतानलिका घडू लागते. पुढे तिचेच मेंदू व मज्जारज्जू होतात. कोणत्या पेशीने काय व्हावे, हे बरेचसे शेजारच्या ऊती ठरवितात. खालच्या पृष्ठरज्जूतून झिरपणारे ‘सॉनिक हेजहॉग’ प्रथिन स्नायू हलविणाऱ्या चेतापेशी घडविते. वरच्या त्वचास्तराचे संकेत संवेदना वाहणाऱ्या पेशी घडवितात.

सुमारे २८व्या दिवशी नलिका मिटते. तेव्हा अनेक मातांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. नलिका उघडी राहिल्यास मणक्यात वा मेंदूत जन्मजात व्यंग येते. पूर्वी असे मूल झालेल्या मातांत फॉलिक आम्लाने हा धोका ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखविले. म्हणून डॉक्टरांचा सल्ला गर्भधारणेपूर्वीच घेतलेला बरा.