पडद्यावरचा लंबक आणि दोऱ्याचा लंबक

शाळेत संगणक आला, की आता प्रयोगशाळेचे कपाट उघडायला नको, असे काहींना वाटते. उलट, पडद्यावरचे प्रयोग म्हणजे निव्वळ खेळ, असे म्हणणारेही आहेत. आमच्या मते ही दोन्ही मते एकांगी आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, लंबकाचेच उदाहरण घ्या. १ मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल सुमारे २ सेकंद असतो. हाच लंबक चंद्रावर नेला तर? तेथे गुरुत्वत्वरण पृथ्वीच्या सुमारे एक-षष्ठांश असल्याने एका आंदोलनाला जवळजवळ ५ सेकंद लागतील. हे गणिताने काढता येते. पण ते पाहण्यासाठी चंद्रावर कोण जाणार? संगणकावरील सदृशीकरणात, म्हणजे निसर्गनियमांच्या समीकरणांवर चालणाऱ्या हलत्या चित्रात, एक कळ दाबताच ते दिसते. शिवाय पुस्तकातले सूत्र लहान कोनापुरतेच खरे असते. लंबक ६० अंशांपर्यंत ओढून सोडला तर दोलनकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, हेही येथे पडताळता येते.

भौतिकीच्या २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची शंभराहून अधिक सदृशीकरणे विनामूल्य मिळतात. कित्येक मराठीतही आहेत. याच विद्यापीठातील एका अभ्यासात (२००५) काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा-दिव्यांऐवजी संगणकावर विद्युतमंडले जोडली. पुढे खरे मंडल जोडून त्याचे स्पष्टीकरण देण्यात तेच सरस ठरले!

मग खऱ्या उपकरणांना रजा द्यावी काय? मुळीच नाही. त्या विद्यार्थ्यांची कसोटीही अखेर खऱ्या मंडलावरच लागली, हे विसरू नये. पडद्यावर तारेतून धावणारे निळे गोळे म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हेत. ते माणसाने काढलेले चित्र आहे. आणखी एक गोष्ट. संगणकाला जी समीकरणे दिली, तीच तो पाळतो. ती चुकीची असतील तर तो स्वतः तसे कधीच सांगणार नाही. नियमाला खोटे ठरवण्याचा अधिकार फक्त निसर्गाचा आहे.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी : प्रथम विद्यार्थ्यांना अंदाज वहीत लिहायला सांगा, मग तो पडद्यावर तपासा आणि शेवटी दोरा व दगड हाती द्या. या शेवटच्या पायरीला खर्च जवळजवळ नाहीच. तरीही ‘संगणकावर झाला ना प्रयोग!’ म्हणून नेमकी तीच गाळली जाते.

मित्रांनो, १ मीटर दोऱ्याला दगड बांधा आणि लहान कोनातून सोडून २० आंदोलनांचा वेळ मोजा. ४० सेकंदांच्या आसपास उत्तर येईल. बरोबर तेवढेच येईल असे नाही. लांबी दगडाच्या मध्यापर्यंत मोजली होती का? तो मध्य दोऱ्याच्या टोकापासून ३ सेंटिमीटर खाली असेल, तर एवढ्यानेच अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक फरक पडतो. घड्याळाची कळ उशिरा दाबली का? पडद्यावरचा लंबक असले प्रश्न विचारीत नाही. दोऱ्याचा लंबक विचारतो, आणि त्यांची उत्तरे शोधता शोधताच मोजमाप कसे करावे हे कळते.