खोट्या नियमांचें ओझें

‘खालील वाक्यें शुद्ध करा’ हा प्रश्न इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत नव्हता असें वर्ष आमच्या स्मरणांत नाहीं. विद्यार्थिदशेंत आम्हीं तो सोडविला, व अध्यापक झाल्यावर तीस वर्षें इतरांकडून सोडवून घेतला. यंदा मात्र एका मुलीच्या उत्तरापाशीं आमची तांबडी लेखणी अडखळली. ‘इट इज मी’ हें वाक्य शुद्ध करावयाचें होतें. तिनें तें होतें तसेंच उतरून खालीं लिहिलें होतें, ‘हें वाक्य शुद्धच आहे, इंग्रज लोक असेंच बोलतात.’ नमुना-उत्तरांत ‘इट इज आय’ असें होतें. सबब आम्हीं शून्य गुण दिला. त्या रात्रीं आम्हांस स्वस्थ झोंप आली नाहीं. कारण मुलीचें म्हणणें खरें होतें, आणि तें खरें असल्याचें आम्हांस ठाऊक होतें.

हा नियम आला कोठून? पुढें लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लौथ यांनीं 1762 साली इंग्रजीचें एक छोटेखानी व्याकरण लिहिलें. लॅटिनमध्यें ‘असणें’ या क्रियापदामागून येणारें सर्वनाम प्रथमेंत असतें, म्हणून इंग्रजींतही तें तसेंच असावें, हा त्यामागचा न्याय. 1795 साली लिंड्ले मरे या अमेरिकेंत जन्मलेल्या व यॉर्क येथें स्थायिक झालेल्या गृहस्थांनीं आपलें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि लौथसाहेबांचा कित्ता साऱ्या शाळाशाळांतून गिरविला जाऊं लागला. ऑक्सिजनच्या शोधाशीं ज्यांचें नांव निगडित आहे त्या जोसेफ प्रीस्टली यांनीं त्याच काळांत व्याकरण लिहून, भाषेंत अखेरचा निवाडा लोकांच्या वापराचा, असा पक्ष मांडला होता. पण शाळामास्तरांस निवाड्यापेक्षां हुकूम अधिक सोयीचा वाटतो. प्रीस्टली रसायनशास्त्राच्या पुस्तकांत राहिले. मरे वर्गांत येऊन बसले.

या हुकुमाचें फळ काय मिळालें? ‘मी’ म्हणणें गांवढळ, ‘आय’ म्हणणें सुशिक्षित, एवढाच धडा मनांत ठसला. भले शिकलेले इंग्रजही ‘बिट्वीन यू अँड आय’ असें बोलतात. येथें शब्दयोगी अव्ययामागून ‘मी’च हवें, म्हणजे ज्या चुकीच्या भयानें नियम केला, त्या भयानेंच खरी चूक बळावते! वस्तुतः इंग्रजांचें मूल ‘पुअर मी’, ‘लकी यू’, ‘सिली मी’ असें सहज बोलतें. ‘पुअर आय’ असें कधींही बोलत नाहीं. सर्वनामाला विशेषण लागलें कीं बोलींत ‘मी’ हेंच रूप यावें, हा त्या भाषेचा खरा नियम. तो कोणा बिशपानें केला नाहीं, आणि आमच्या प्रश्नपत्रिकेंत तो कधीं विचारला गेल्याचेंही आम्हांस आठवत नाहीं.

विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या बाबतींतही हाच अन्याय चालू आहे. ‘गो स्लो’ अशुद्ध, ‘गो स्लोली’ शुद्ध, असें आम्ही शिकवितों. प्राचीन इंग्रजींत विशेषणाला अन्त्य ‘ए’ लावून क्रियाविशेषण करीत. कालौघांत तो अन्त्य स्वर झडला, आणि दोहोंचें रूप एक झालें. ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘स्लो’ हे त्याच जुन्या घराण्यांतले शब्द. त्यांच्या अंगावर ‘ली’चा अंगरखा नाहीं म्हणून त्यांस दारांत उभें करणें म्हणजे घरच्या वडील माणसांस उपरें ठरविणें होय. उलट ‘फ्रेंड्ली’, ‘लव्हली’ यांच्या अंगावर ‘ली’ असूनही तीं विशेषणेंच आहेत! ॲपल या संगणक बनविणाऱ्या कंपनीनें 1997 साली ‘थिंक डिफरंट’ अशी जाहिरात केली, तेव्हां ‘डिफरंटली’ हवें होतें, अशी ओरड झाली. जग मात्र त्या दोन शब्दांचा अर्थ न अडखळतां समजलें.

आणि ‘आय फील बॅड’? विद्यार्थी येथें ‘बॅडली’ लिहितो, कारण क्रियापदाशेजारीं क्रियाविशेषण हवें असें आम्हींच त्याला पढविलेलें असतें. पण येथें ‘बॅड’ हा शब्द वाटण्याची क्रिया कशी झाली तें सांगत नाहीं. ज्याला वाटतें त्याची स्थिति सांगतो. तो क्रियापदावरून उडी मारून ‘आय’ या सर्वनामाला चिकटतो. ही उडी समजावून देणें हें खरें व्याकरण. शब्दाला शेपूट लावावयास सांगणें ही नुसती शिवणकला.

‘मग कांहीं नियमच नकोत काय?’ असा प्रश्न आमचे विद्वान मित्र करतील. नियम हवेत, पण खरे हवेत. ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्यानें कष्ट केले. ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्यानें जवळजवळ कांहींच केलें नाहीं. येथें ‘ली’नें माणसाची अब्रू जाते. ‘समथिंग गुड’ म्हणतां येतें, ‘गुड समथिंग’ म्हणतां येत नाहीं. अशा सर्वनामांचें विशेषण मागें येतें. हे नियम जो मोडतो त्याचें बोलणें परकें वाटतें. खेड्यांतून आलेल्या आमच्या मुलांना हेच शिकविले पाहिजेत. त्यांच्या घरीं इंग्रजी कानावर पडत नाहीं; त्यांस हें ज्ञान वर्गांत न मिळालें तर कोठेंच मिळणार नाहीं. शहरांतला सुखवस्तु मुलगा खोटे नियम विसरून जातो, कारण त्याच्या कानांत खरी भाषा आहे. खेड्यांतली मुलगी मात्र ते जपून ठेवते, आणि पुढें मुलाखतींत ‘इट इज आय’ म्हणून हंशाची धनीण होते.

एकाच व्यक्तीसाठीं ‘दे’ वापरण्याबद्दलचा गहजबही याच मासल्याचा. हा प्रयोग चौदाव्या शतकापासून चालत आला आहे. शेक्स्पिअर व जेन ऑस्टेन यांनीं तो केला आहे. ब्रिटिश पार्लमेंटनें 1850 साली कायदा करून, कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात, असें ठरविलें. पण लोकांच्या जिभेवरचें ‘दे’ कांहीं त्यामुळें हटलें नाहीं. 2019 साली मेरियम-वेब्स्टर कोशानें याच शब्दाला वर्षाचा शब्द म्हणून मान दिला. ‘गुरुजी आले, ते बसले’ असें एका माणसाविषयीं आदरानें बोलणाऱ्या, आणि हा लेख ‘आम्ही’ म्हणून लिहिणाऱ्या मराठी माणसाला तरी याचा विस्मय वाटूं नये.

आपली भाषा तरी वेगळें काय सांगते? ‘गाणें छान’ आणि ‘ती छान गाते’ यांत ‘छान’ बदलत नाहीं. उलट ‘तो मोठा हुशार’, ‘ती मोठी हुशार’ यांत हुशारीचें प्रमाण सांगणारा शब्दही लिंगाप्रमाणें वळतो. दादोबा पांडुरंगांच्या 1836 च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या ग्रंथापर्यंत मराठी व्याकरणाची जी वाट आहे, ती परक्या सांच्यांतून आपल्या भाषेचें रूप सोडवून घेण्याची वाट आहे. आपल्या भाषेकरितां जो न्याय आपण मागतों, तो इंग्रजीला नाकारण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलीचा गुण तिला दिला, आणि नमुना-उत्तर बदलावें असें वरिष्ठांस लिहिलें. नमुना-उत्तर बदलतां येत नाहीं, असें दोन ओळींचें उत्तर आलें, व तो गुण पुन्हां कापला गेला. एका गुणानें कोणाचें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. परंतु जिनें कान उघडे ठेवून खरें लिहिलें, तिला खोटें लिहिण्याचा धडा आम्हीं मिळून दिला आहे. आजवर आमच्या लेखणीनें असे किती गुण कापले असतील याचा हिशेब आमच्यापाशीं नाहीं. यापुढें मात्र ती लेखणी या कामीं आम्ही चालविणार नाहीं. आणि आमच्या समव्यवसायी बंधुभगिनींनींही आपापली लेखणी उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच आमची विनंती आहे.