पाळीव श्वानदंश : कायदा जागा होतो तो चाव्यानंतर

मुंबईत वरळी येथील एका इमारतीच्या लिफ्टमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये हस्की जातीच्या पाळीव कुत्र्याने एका रहिवाशाच्या हाताला चावा घेतला. सोबतचे लहान मूल कुत्र्याला घाबरते, तेव्हा थोडे थांबावे, अशी विनंती या रहिवाशाने केली होती. ती न जुमानता मालकाने कुत्र्याला आत ओढले. या प्रकरणी न्यायदंडाधिकाऱ्यांनी मालकाला चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली ती मे २०२५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तब्बल सात वर्षांनी. नेपियन सी रोड परिसरात २०१० साली रॉटवायलरने एका ज्येष्ठ नागरिकाला चावा घेतला होता. त्या खटल्यात मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि निकाल लागेपर्यंत २०२३ साल उजाडले. तेथेही मोटारीचे दार उघडू नका, असे विनविले जात असतानाच ते उघडण्यात आले होते.

कुत्रा अचानक बिथरला, असे दोन्ही घटनांत म्हणता येत नाही. समोरच्याने आधीच सावध केले होते. मालकाने ऐकले नाही. पाळीव कुत्र्याच्या चाव्याची चर्चा आपल्याकडे बहुधा कुत्र्याच्या जातीपाशी सुरू होऊन तेथेच संपते, म्हणून ही बाब नोंदवणे आवश्यक वाटते.

कायद्याने मात्र जातीचा विचार केलेला नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ने घेतली आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणे, हा या कलमाखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कारावास आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा यांपैकी एक, अशी शिक्षेची तरतूद असून पूर्वी दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. येथे ‘संभाव्य’ हा शब्द महत्त्वाचा. गुन्हा घडण्यासाठी कुत्र्याने चावलेच पाहिजे, अशी अट कलमात नाही. व्यवहारात मात्र रक्त निघाल्याशिवाय तक्रारीची दखल घेतली जाणे दुर्मीळच.

लखनऊ येथे जुलै २०२२ मध्ये घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा मृत्यू झाल्यानंतर जातीनिहाय बंदीच्या मागणीने जोर धरला. गाझियाबाद महापालिकेने त्याच वर्षी पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या जातींवर निर्बंध आणले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्याबाबत राज्यांना पत्र पाठविले. या जातींना इंग्रजीत लावलेल्या विशेषणासाठी ‘क्रूर’, ‘हिंस्र’ की ‘आक्रमक’ यांपैकी कोणता शब्द वापरावा, हा बातमीचे भाषांतर करणाऱ्यापुढचा पेच होता. कारण तिन्ही शब्द प्राण्याचा स्वभाव जन्मजात ठरवून टाकतात. संबंधितांची बाजू न ऐकता हा निर्णय घेतल्याचे नमूद करून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्दबातल ठरविले. वरळीच्या घटनेतील हस्की त्या यादीत नव्हताच.

परदेशांतील अनुभवही बोलका आहे. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चाव्यांचे प्रमाण घटत नसल्याचे पाहून २००८ मध्ये ती मागे घेण्याचे ठरविले. इटलीने २००९ मध्ये जातींची यादी सोडून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला. याउलट ब्रिटनने १९९१ पासूनच्या आपल्या यादीत एक्सएल बुली या प्रकाराची अलीकडेच भर घातली. बलदंड जबड्याच्या कुत्र्याचा चावा अधिक घातक असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो कोणाच्या हाती आहे, याचे उत्तर यादी देत नाही.

नोएडा प्राधिकरणाने मार्च २०२३ पासून लागू केलेला नियम या दृष्टीने अधिक नेमका म्हणावा लागेल. पाळीव कुत्रा चावल्यास मालकाला दहा हजार रुपये दंड आणि जखमी व्यक्तीच्या उपचारांचा खर्च सोसावा लागतो. मात्र तोही चाव्यानंतरचाच उपाय. पहिल्या आणि दुसऱ्या चाव्यामधला काळ हीच खरी संधी असते. कुत्र्याच्या नोंदणीपत्रावर पहिल्या चाव्याची नोंद व्हावी आणि त्यानंतर पशुवैद्यकीय तपासणी बंधनकारक असावी, एवढे केले तरी मोठा फरक पडेल. कानाचे, दातांचे किंवा सांध्यांचे दुखणे हे चिडखोरपणाचे कारण असू शकते. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते. त्याबद्दल त्याला झोडपले, तर तो गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही.

तपासणी होईपर्यंत घराबाहेर साखळी, धाप टाकता येईल अशी जाळीदार मुसकी आणि पाहुणे आल्यावर वेगळी खोली, एवढे पथ्य मालकाने पाळायलाच हवे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना मुसकीची सक्ती करता येत नाही. सरसकट सर्व कुत्र्यांच्या बाबतीत हे योग्यच. पण एकदा चावलेल्या कुत्र्यालाही हीच सवलत का असावी, हे समजणे कठीण आहे.

चावा लागल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, या समजुतीवर थांबू नये. त्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे लागते, म्हणजेच त्याला घरातून लगेच घालवून देणे सर्वांत घातक.

तरीही नेमके तेच घडते. चावरा कुत्रा रात्री मोटारीत घालून शहराच्या वेशीवर सोडला जातो आणि भटक्यांत मिसळतो. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोनदा आदेश झाले, देशभर वादंग माजला. या कळपात घरातून हाकललेल्यांची भर कोण घालतो, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. पाळीव प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास त्यासाठी कायद्याने सांगितलेला कमाल दंड आहे ५० रुपये.