कागदावरचा अध्यापक आणि आपण

आमच्या शिरढोण गावाची महाराष्ट्राला ओळख आहे ती आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते येथे जन्मले, १८७९ साली इंग्रजांच्या हाती सापडले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून त्यांच्या बंडाचे वर्णन होते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु ज्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनपासून, म्हणजे १८६० सालापासून, महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी आपला आरंभ मानते, त्या संस्थेच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत वासुदेव बळवंतांचेही नाव घेतले जाते, हे फारसे कुणी सांगत नाही. लष्करी हिशेबखात्यातील एका कारकुनाला शाळा काढण्यात रस असावा, ही गोष्ट आम्हांस बंडाइतकीच लक्षणीय वाटते. त्याच सोसायटीचे आज खेड तालुक्यात घाणेखुंट-लोटे येथे आयुर्वेद महाविद्यालय आहे, हा योगायोग आम्हां वैद्यांना सुखावणारा आहे.

आयुर्वेदाच्या शिक्षणाचा प्रारंभही अशाच माणसांनी केला. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली अहमदनगर येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले. पुण्यात १९३३ साली टिळक आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले. मुंबईत १९४१ साली वरळीचे पोदार महाविद्यालय आले. आमच्या पनवेलीस महाविद्यालयाच्या कितीतरी आधी कारखाना आला; पुराणिक घराण्याने १८७२ मध्ये येथे धूतपापेश्वरची मुहूर्तमेढ रोवली. त्या काळाचे अवाजवी गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. विद्येचे दार तेव्हा सर्वांना उघडे नव्हते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शिष्योपनयनाचा अध्याय ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे ठाऊक आहे की शूद्राला शिकवावे हे मत तेथे 'काहींचे' म्हणून, तेही अटी घालून, नोंदविले आहे. समतेच्या बाबतीत आपली परंपरा निष्कलंक नाही, हे आधी मान्य केलेले बरे. परंतु त्या काळच्या गुरूविषयी एक गोष्ट निर्विवाद होती. गुरू म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, तो समोर बसलेला असे.

आज तेवढीही खात्री देता येत नाही. या विषयावर आपल्या वर्तुळात कुजबूज पुष्कळ होते, लेखन मात्र अत्यल्प. आम्ही कोणा एका महाविद्यालयाविषयी लिहीत नाही, आणि निष्ठेने शिकविणाऱ्या संस्था व अध्यापक आहेत हे आम्ही जाणतो. त्यांच्याच बाजूने हे लिहिले आहे.

तत्कालीन केंद्रीय परिषदेच्या २०१६ च्या नियमावलीत ६० प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयास निदान ३० पूर्णवेळ अध्यापक, ६० खाटांचे रुग्णालय, बाह्यरुग्ण विभागात दररोज सरासरी १२० रुग्ण आणि ४० टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या, अशी किमान अट होती. अट वाजवीच आहे, कारण रुग्ण पाहिल्याविना वैद्य घडत नाही. परंतु ज्या संस्थेला रुग्णालय चालवायचे नसून केवळ प्रवेश भरायचे आहेत, तिने या आकड्यांतून वेगळीच विद्या निर्माण केली. केसपेपर लिहिले जातात, रुग्ण येत नाहीत. तपासणीच्या दिवशी आसपासच्या वस्तीतील माणसे खाटांवर येऊन पडतात आणि सायंकाळी जेवून घरी जातात. अध्यापकांच्या यादीत तीस नावे असतात. त्यांपैकी काहींचा दवाखाना दीडदोनशे किलोमीटर दूर, दुसऱ्याच जिल्ह्यात, सकाळ-संध्याकाळ सुरू असतो. पगार बँकेत जमा होतो आणि त्यातील ठरलेला वाटा रोख स्वरूपात परत जातो. बायोमेट्रिक हजेरी आल्यावर यात फरक पडला हे खरे. पण अंगठा लावण्यासाठी येणे आणि शिकविण्यासाठी येणे यांतील अंतर कोणतेही यंत्र मोजत नाही.

आता आपणांस कटू वाटेल असा प्रश्न. हा कागदावरचा अध्यापक कोण? तो परग्रहावरून आलेला नाही. तो आपल्यातलाच, पदव्युत्तर पदवी घेतलेला, मेळाव्यात आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा वैद्यबांधव आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा मध्यस्थ आमच्या दवाखान्यात आला होता. पदव्युत्तर पदवी असलेल्या ओळखीच्या वैद्यांची नावे त्याला हवी होती. त्यांना काहीच करावे लागणार नाही, हे त्याने तीनदा सांगितले, जणू तीच त्या नोकरीची गुणवत्ता होती. आम्ही त्याला चहा देऊन वाटेला लावले. यात शौर्य काही नाही. चालता दवाखाना असलेल्यास असा नकार परवडतो. ज्या तरुणाने कर्ज काढून एम.डी. केली, ज्याला खरी अध्यापकाची जागा कुठे मिळाली नाही, त्याच्यापुढे हा प्रस्ताव ठेवला की त्याचे काय होते, याचा विचार आपण करावयास हवा. त्यातही अन्याय असा की, त्याच संस्थेत रोज उभे राहून शिकविणाऱ्या अध्यापकाला वेतन उशिरा मिळते आणि न आलेल्यांचे तासही त्यालाच घ्यावे लागतात. प्रामाणिकपणाची किंमत आजच्या व्यवस्थेत प्रामाणिक माणूसच भरतो.

याचा परिणाम कुठे दिसतो? गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आंतरवासिता करणारा एक विद्यार्थी येत असे. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण, वागण्यात नम्र. गुडूचीचे रस, वीर्य, विपाक त्याने न अडखळता सांगितले. दवाखान्याच्या फाटकाशी आंब्यावर चढलेली गुळवेल मात्र त्याने खायच्या पानाची वेल म्हणून ओळखली. चौकशी केली तेव्हा कळले की वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांची वही त्याच्या वर्गाने बाजारातून तयार विकत घेतली होती आणि तीवर सही झाली होती. कर्नाळ्याचे रान आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. अभयारण्य असल्याने तेथे पान तोडता येत नाही, पण पाहता येते. पाहायला नेणारा कुणी नव्हता. यात त्या मुलाचा काय दोष?

गुळवेलीचे हे उदाहरण हसून सोडून देण्यासारखे नाही. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि मोठा गदारोळ उठला. आयुष मंत्रालयाने आपली बाजू मांडताना सांगितले की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या, त्याच कुळातील दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते आणि ती वेल अपायकारक ठरू शकते. ते उत्तर या विशिष्ट रुग्णांना लागू होते की नाही, हा वाद वेगळा. परंतु 'ओळखण्यात गल्लत झाली असेल' हे जर आपले जगापुढचे उत्तर असेल, तर ओळखायला शिकविणारा माणूस वर्गात असणे हा आपल्या शास्त्राच्या अब्रूचा प्रश्न होतो. औषधी-निर्मात्या बंधूंनाही हे सांगणे नको. अशोकाच्या सालीऐवजी रस्त्याकडेच्या आसुपालवाची साल किती सहज गोण्यांतून येते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक आहे? ती गोणी परत पाठविणारा माणूस ज्या द्रव्यगुणाच्या वर्गात घडायचा, तो वर्गच भरत नसेल तर उद्या कारखान्याच्या दारात कोण उभा राहणार?

समतेचा मुद्दा येथेच येतो, आणि तो केवळ शुल्काचा नाही. शुल्कासाठी कायदे आहेत. देणगी घेण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे. प्रवेश व शुल्क यांचे नियमन करणारा २०१५ चा कायदा आहे. २०२४ साली राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण शुल्क माफ करून मुलीला आत घेतले आणि आत शिकविणाराच नसला, तर तिला नेमके काय मिळाले? ज्याच्या वडिलांचे रुग्णालय आहे, तो वर्गात न शिकलेले घरी शिकतो किंवा पैसे भरून खासगी शिकवणी लावतो. खालापूर-कर्जतच्या वाडीतून आलेल्या मुलीकडे तासाव्यतिरिक्त दुसरे भांडवल नसते. न झालेला तास सर्वांचाच बुडतो, परंतु त्याची भरपाई फक्त सधनाला करता येते. अध्यापकाची गैरहजेरी हा गरिबांवर बसविलेला, कुठल्याही पावतीवर न दिसणारा कर आहे.

आणखी एक विसंगती आमच्या मनाला सतत टोचते. आमच्या जिल्ह्यातील ठाकूर आणि कातकरी समाजाला रानातल्या वनस्पती नावानिशी ठाऊक आहेत. करोनाच्या काळात शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठमोठ्या औषधी कंपन्यांना पुरविली, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. ज्यांच्या हातची गुळवेल आपल्याला चालते, त्यांची मुले आपल्या महाविद्यालयात क्वचितच दिसतात. आणि जी येतात, त्यांना जे घरीच येत होते तेही ओळखीचे ज्ञान आहे, असे तेथे कुणी त्यांना सांगत नाही. एखाद्या द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकाला अशा जाणत्या वृद्धेला मानधन देऊन बोलवावे, असे किती महाविद्यालयांना सुचते?

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९७० च्या कायद्याने आलेली केंद्रीय परिषद गेली आणि २०२० च्या कायद्यान्वये भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आला. त्या कायद्यात अध्यापकांसाठी राष्ट्रीय पात्रता चाचणीची तरतूद आहे आणि २०२४ साली ती चाचणी झालीही. चाचणीमुळे अध्यापकाचे ज्ञान कळेल; तो वर्गात येतो की नाही, हे कळणार नाही. चरक व सुश्रुत दोघेही भोंदू वैद्यांच्या सुळसुळाटाचा दोष राजाच्या दुर्लक्षावर ठेवतात, आणि हा आधार घेऊन सर्व भार आयोगावर टाकणे आपल्याला सोयीचे आहे. परंतु विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाने आचार्याची परीक्षा राजाकडे सोपविलेली नाही, ती शिष्याकडे सोपविली आहे. आधी शास्त्र पारखावे, मग आचार्य पारखावा. ज्याचे अध्ययन निर्मळ आहे, ज्याने कर्म पाहिले आहे, जो समजावून देऊ शकतो, त्याच्याकडे जावे. आजचा शिष्य प्रवेशफेरीत संगणक देईल त्या महाविद्यालयात जातो. आचार्य पारखण्याची संधी त्याला नाही. मग ती पारख करणारे उरतात कोण? त्याच व्यवसायातले, त्या आचार्याला नावाने ओळखणारे, आपण.

म्हणून आमचा प्रस्ताव आपल्या संघटनेपुरता आहे. प्रत्येक सभासदाने नूतनीकरणाच्या अर्जावर एक ओळ लिहून द्यावी: ज्या महाविद्यालयात आपण प्रत्यक्ष शिकवीत नाही, त्याच्या अध्यापक-यादीत आपले नाव नाही. खोटे लिहिणारे लिहितील, परंतु आज निदान लिहावे तरी लागत नाही. दुसरे असे की, ज्यांचा दवाखाना चालतो त्यांनी वर्षातून काही महिने दोन विद्यार्थ्यांना, कोणत्याही महाविद्यालयाच्या, विनामूल्य शेजारी बसू द्यावे. नाडी, जिभेचा रंग, पोटाची चाचपणी, आणि मुख्य म्हणजे रुग्णाशी बोलणे, हे पाहूनच येते. औषधी-निर्मात्यांनी दरवर्षी डायऱ्या, भेटवस्तू आणि परिसंवादांचे भोजन यांवर होणाऱ्या खर्चातील थोडा भाग बाजूला काढावा आणि महिन्यातून एक दिवस आपले कच्च्या मालाचे गोदाम विद्यार्थ्यांसाठी उघडावे. खरी साल आणि खोटी साल शेजारीशेजारी ठेवून दाखवावी. गुपिते बाहेर जातील ही भीती अनाठायी आहे. कल्पाचे प्रमाण गुपित असेल; अशोकाची साल कशी दिसते हे गुपित नाही.

काही ज्येष्ठांनी आम्हांस आधीच सांगितले आहे की अशा ठरावाने संघटनेत फूट पडेल, काही सभासद दुखावतील आणि एक-दोन संस्थाचालक वार्षिक अंकाच्या जाहिराती थांबवतील. जाहिरातींविषयीचा त्यांचा अंदाज बहुधा बरोबर आहे. अंक चार पानांनी कमी निघेल. दुखावणाऱ्यांविषयी मात्र आम्ही साशंक आहोत. यांतील अनेकांना ही नोकरी मनातून नकोच असते, आणि नाही म्हणण्यासाठी संघटनेचा ठराव हे त्यांना उपयोगी पडणारे कारण ठरेल. उरला प्रश्न नावे छापण्याचा. नाव मागे घेणाऱ्यांची वा न घेणाऱ्यांची यादी प्रसिद्ध करू नये, असे आमचे मत आहे. दवाखाना आणि गोदाम उघडणाऱ्यांची नावे मात्र या त्रैमासिकात प्रत्येक अंकी छापावीत, म्हणजे विद्यार्थ्यांना कुठे जायचे ते कळेल. ठरावाचा मसुदा आम्ही कार्यवाहांकडे दिला आहे. येत्या वार्षिक सभेत तो मांडण्यासाठी सूचक म्हणून आमचे नाव आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.