रावणाला देवांच्या वर का जायचं होतं?



मुलांनी स्वतः रचलेलं नाटुकलं पाहिलंय ना तुम्ही? त्यात एक वाक्य हमखास असतं. कोळशाने मिशी काढलेला मुलगा कमरेवर हात ठेवून खदाखदा हसतो आणि म्हणतो, "आता मी देव होणार! सगळं जग माझ्या मुठीत!" टाळ्या पडतात. पण त्याला कोणीच विचारत नाही, की बाबा रे, देव होऊन करणार काय? तुला नेमकं कमी काय पडलं?

माझं मत असं, की हा प्रश्न शिक्षकाने विचारायलाच हवा.

हल्ली मुलांना मोबाइलमुळे भूमिका घेऊन खेळायचे कल्पनारम्य खेळ माहीत झालेत. १९७४ साली अमेरिकेत आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्यातला मूळ खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, फासे टाकतात, आणि गोष्ट पुढे कुठे जाईल ते आधी ठरलेलं नसतं. अशा खेळात शेवटी एखादा दुष्ट हमखास देव व्हायला निघालेला असतो. त्याचा हेतू पोकळ असेल तर खेळ म्हणजे नुसती मारामारी. थॅनॉसचंच बघा (माहीत नसेल तर घरातल्या पोराला विचारा, तासभर सांगेल). १९९१ च्या कॉमिकमध्ये तो निम्मी सृष्टी संपवतो ती मृत्यूदेवतेचं मन जिंकायला. २०१८ च्या सिनेमात तेच करतो, पण म्हणतो की खाणारी तोंडं जास्त झालीत. कृत्य एकच. हेतू बदलला आणि माणूसच वेगळा झाला.

पण यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? आपल्या कन्नडहून छत्रपती संभाजीनगरला निघालं की वाटेतच वेरूळ आहे. आपली सहल तिथे दरवर्षी जाते. सोळा नंबरच्या कैलास लेण्यात मुलं हत्तीपाशी फोटो काढतात, एकाच दगडातून वरून खाली कोरलंय वगैरे माहिती वहीत लिहून घेतात, आणि परत. पुढच्या वेळी त्यांना देवळाच्या दक्षिण बाजूला न्या. तिथे रावण कैलास पर्वत हलवतोय. खाली तो, अनेक हातांनी सगळा जोर लावणारा. वर पार्वती घाबरून शंकराचा हात धरतेय, एक दासी पळत सुटलीय, आणि शंकर मात्र शांत. मुलांना विचारा, "हा पर्वत का उचलतोय?" बहुतेक उत्तर येईल, "तो राक्षस आहे म्हणून." हे उत्तर मला पटत नाही. खरं उत्तर वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात आहे, आणि ते आपल्या घरातलं आहे.

रावणाचा सावत्र भाऊ कुबेर. एके दिवशी तो पुष्पक विमानातून वडिलांना भेटायला येतो. त्याचं ते तेज पाहून रावणाची आई कैकसी आपल्या मुलाला म्हणते, की बघ तुझा भाऊ कसा आहे आणि तू कसा आहेस. त्याच्यासारखा होऊन दाखव. बस्स. इथून सगळं सुरू होतं. मुलाच्या मनात असूया पेटते, तो भावाच्या बरोबरीचा किंवा त्याच्याही वरचा होण्याची शपथ घेतो आणि गोकर्णाला तपाला बसतो. एक-एक करून नऊ मस्तकं अग्नीत टाकतो. वर मिळाल्यावर काय करतो? भावाची लंका घेतो आणि त्याला हरवून तेच पुष्पक विमान घेतो! आणि ते विमान कैलासापाशी अडतं, नंदी सांगतो परत जा, तेव्हा हा पर्वतच उपटायला निघतो. लेण्यात आपण पाहतो तो क्षण हा. शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो, हात चिरडतात, तो किंचाळतो. 'रावण' हे नाव त्या किंचाळण्यावरून पडलं. तोवर तो दशग्रीव होता.

पालकहो, नवोदयचा किंवा शिष्यवृत्तीचा निकाल लागला की आपल्या घरात काय बोललं जातं ते आठवा. "तुझ्या काकाचा पोरगा बघ." आपलं पोर काही रावण होणार नाही, घाबरू नका. पण त्या वाक्याने त्याच्या मनात काय पेरलं जातं, ते ही गोष्ट कुठल्याही समुपदेशकापेक्षा नीट सांगते. कारण रावणाला नुसती लंका नको होती, भावाचं विमान हवं होतं.

आता काही जण म्हणतील, सर, असं शिकवलं तर मुलं रावणाची बाजू घेतील. ही शंका रास्त आहे. पण उत्तर त्याच गोष्टीत आहे. तपाला तिघं भाऊ बसले होते. घर एक, आई एक, तप एक. रावणाने अमरत्व मागितलं, ते नाकारल्यावर देव, दानव, यक्ष, नाग यांच्यापासून अभय मागितलं. माणसांना तो गवताच्या काडीसारखा समजत होता, म्हणून त्यांचं नाव घेतलं नाही. कुंभकर्णाच्या जिभेवर सरस्वती बसली आणि त्याने झोप मागितली. विभीषणाने मागितलं, की कितीही संकट आलं तरी माझी बुद्धी धर्मावर राहो. त्याला ब्रह्मदेवाने न मागता अमरत्व दिलं. हेतू समजला म्हणून गुन्हा माफ होत नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

वर मागणं हा तर वर्गात खेळण्याजोगा प्रकार आहे. हिरण्यकशिपूचं मागणं फळ्यावर लिहा: माणसाकडून नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको. भाऊ वराहाकडून मारला गेल्यावर तो तपाला बसलेला, त्यामुळे ही यादी म्हणजे त्याच्या भीतीचीच यादी. मग मुलांना सांगा, फट शोधा. पंधरा नंबरच्या लेण्यात नरसिंह कोरलेला आहेच.

मी सातवीला एवढंच दिलं होतं: एक दुष्ट तयार करा, त्याला कोणती शक्ती हवी, का हवी, आणि वर मागताना तो कोणाला विसरला, ते लिहा. सापशिडीचा फासा घेऊन आम्ही ती गोष्ट खेळलो. एका मुलाच्या दुष्टाला पावसावर ताबा हवा होता. बापाची विहीर आटली, मका जळाला, गाव हसलं. ताबा मिळाल्यावर त्याने आधी स्वतःच्या शेतात पाऊस पाडला आणि मग हसणाऱ्यांची शेतं बुडवली. त्याला कसं थांबवायचं यावर वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणाला, पहिल्यांदाच त्याला टँकर दिला असता तर? दुसरा म्हणाला, पण ज्यांची शेतं बुडाली त्यांचं काय? घंटा झाली, डबे उघडले, तरी भांडण चालूच होतं.